सेवापुस्तक नसलेले हेर

१७८३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने एक कायदा केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जे गुलाम आपल्या मालकाच्या बदल्यात सैनिक म्हणून लढले, त्यांना मुक्त करावं, असा. जेम्स नावाचा एक माणूस त्या कायद्यात बसला नाही, कारण तो सैनिक नव्हता. तो हेर होता.

न्यू केंट परगण्यातल्या विल्यम आर्मिस्टेडचा हा गुलाम. मालकाच्या परवानगीने १७८१ मध्ये तो अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या लाफायेत या फ्रेंच सेनापतीच्या सैन्याकडे गेला आणि मालकाकडून पळून आलेला गुलाम असल्याचं सांगून इंग्रजांच्या छावणीत शिरला. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या छावणीत तो वाढप्याची कामं करायचा. नकाशे समोर पसरून अधिकारी बोलत बसायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या काळ्या नोकराकडे कुणाचं लक्ष नसायचं. पुढे इंग्रजांनीच त्याला अमेरिकनांवर पाळत ठेवायला सांगितलं. मग तो इंग्रजांची खरी बातमी अमेरिकनांकडे नेऊ लागला आणि अमेरिकनांची खोटी इंग्रजांकडे. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला इंग्रजी फौजेने शस्त्रं खाली ठेवली. (हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. टिपूविरुद्ध तो श्रीरंगपट्टणवर चालून गेला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्याबरोबर होत्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो भेटतो तो तिथे.)

युद्ध संपलं आणि जेम्स पुन्हा आर्मिस्टेडच्या घरी गुलाम म्हणून परतला. १७८४ मध्ये लाफायेतने त्याला स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला: याने शत्रूच्या छावणीतल्या बातम्या कष्टाने गोळा केल्या आणि इमानाने पोहोचवल्या. तो दाखला जोडून जेम्सने विधिमंडळाकडे अर्ज केला, आणि १७८७ च्या जानेवारीत त्याची मुक्तता मंजूर झाली. मालकाला सरकारी तिजोरीतून त्याची किंमत मिळाली. जेम्सने लाफायेत हे आडनाव घेतलं, चाळीस एकर जमीन घेतली, आणि म्हातारपणी त्याला वर्षाला ४० डॉलर पेन्शन सुरू झालं. १८२४ मध्ये वृद्ध लाफायेत रिचमंडला आला तेव्हा गर्दीत त्याने जेम्सला ओळखलं, नावाने हाक मारली आणि मिठी मारली.

गोष्ट बहुतेक जण या मिठीवर संपवतात. माझं मन त्या दाखल्यापाशी अडकतं. लाफायेतने तो लिहिला नसता तर?

माझी सगळी नोकरी पेन्शन शाखेत गेली. माणसाने तीस-पस्तीस वर्षं काय केलं, हे माझ्यापुढे नेहमी कागदातूनच यायचं: सेवापुस्तक, नेमणुकीचा आदेश, वेतननिश्चिती, वारसाचं नाव, हयातीचा दाखला. एक पान नसलं की प्रकरण त्रुटी काढून परत. समोर बसलेल्या बाईने वीस वर्षं शाळेत झाडलोट केलेली आख्ख्या गावाला ठाऊक असायची, पण नेमणुकीचा आदेश सापडत नसला तर त्या वीस वर्षांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर यायचा. निवृत्तीनंतर मुलीकडे व्हर्जिनियात राहायला जाऊ लागले आणि तिथल्या ग्रंथालयात अमेरिकेचा इतिहास वाचायची गोडी लागली. वाचताना माझी नजर लढायांपेक्षा कागदांकडे जास्त जाते. कुणाकडे कागद होता, कुणाकडे नव्हता, कुणी तो जाळला, आणि सरकारने नेमका कुठला कागद मागितला.

हेरांच्या बाबतीत हे फार कठीण आहे. ज्याने काम चोख केलं त्याने मागे काही ठेवलंच नाही. आणि त्या देशात ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे बायका, काळे गुलाम, आणि सगळ्यात जास्त काळ्या गुलाम बायका, त्याच या कामाला सगळ्यात योग्य होत्या. लिहिणं-वाचणं शिकायला ज्यांना बंदी, त्यांनाच पुढे पुरावा मागायचा, असा हा हिशेब आहे.

स्वातंत्र्ययुद्धातल्या एका बाईचं तर नावही उरलेलं नाही. लाँग आयलंडवरच्या सेटॉकेट गावातून वॉशिंग्टनसाठी एक हेरांचं जाळं चालत होतं. त्यांच्या सांकेतिक कोशात शब्दांना आकडे दिलेले होते. ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२७ म्हणजे न्यूयॉर्क, ३५५ म्हणजे बाई. १५ ऑगस्ट १७७९ च्या पत्रात त्या जाळ्यातला अब्राहम वुडहल लिहितो की आपल्या ओळखीच्या एका ३५५ च्या मदतीने आपण सगळ्यांना चकवू शकू. बस, एवढंच. या एका ओळीवर पुढे लोकांनी तिला रूप दिलं, प्रेमकथा दिली, तुरुंगातलं मरण दिलं. मला ते आवडत नाही. तिच्या वाट्याला एक ओळ आली आहे, ती ओळ तिची आहे. त्यावर आपल्या हौशीचे इमले कशाला चढवायचे?

रिचमंडला मात्र मी मुद्दाम गेले. चर्च हिल नावाची टेकडी आहे, तिथे सेंट जॉन्स चर्च. त्याच्या जवळच एलिझाबेथ व्हॅन ल्यूचं घर होतं. आता नाही, १९११ मध्ये ते पाडलं आणि त्या जागी शाळा उभी राहिली. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) रिचमंड ही दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी होती आणि एलिझाबेथ शहरातल्या श्रीमंत घरातली, चाळिशी ओलांडलेली, अविवाहित बाई होती. वडिलांचा लोखंडी सामानाचा मोठा व्यापार. शिक्षण फिलाडेल्फियात झालेलं, आणि गुलामगिरीचा मनापासून तिटकारा. युद्ध सुरू झालं तशी ती लिबी तुरुंगातल्या उत्तरेच्या कैद्यांना खाणं, पुस्तकं, औषधं नेऊ लागली. कैदी येताना रस्त्यात काय काय पाहून आलेले असत. तिथून बातम्या गोळा होऊ लागल्या. १८६४ पर्यंत तिच्याभोवती एक जाळंच उभं राहिलं: शेतकरी, भट्टीवाला, रेल्वेतला अधिकारी, आणि तिच्या घरातले, मळ्यावरचे काळे नोकर. पत्रं वरवर ‘प्रिय काका’ अशी घरगुती असायची, खाली सही ‘एलायझा जोन्स’, आणि ओळींच्या मध्ये अदृश्य शाईत मजकूर. सांकेतिक लिपीची किल्ली तिने घड्याळाच्या मागच्या झाकणात ठेवली होती. ती तिच्या मृत्यूनंतर सापडली.

युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये तिने युद्धखात्याकडून आपली सगळी पत्रं परत मागून घेतली आणि नष्ट केली. तिला त्याच शहरात राहायचं होतं, ज्या शहराला तिने दगा दिला असं शेजारीपाजारी म्हणत. ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने तिला रिचमंडची पोस्टमास्तर नेमलं, १८६९ ते १८७७. त्या काळात एका बाईला एवढं मोठं पद म्हणजे फार होतं, आणि तिने कचेरीत काळ्या माणसांना नोकऱ्या दिल्या. नंतर मात्र उतरती कळा. घरपट्टी भरताना ती दरवर्षी लेखी निषेध नोंदवायची, की मला मत नाही तर माझ्याकडून कर कसला घेता. शेवटची वर्षं तिला बोस्टनच्या काही घरांनी पोसलं. त्यात पॉल रिव्हिअर या कैद्याचं कुटुंब होतं, ज्याला तिने लिबीत मदत केली होती. १९०० मध्ये ती गेली. थडग्याचा दगडही मॅसेच्युसेट्सहून आला. गावाने तोही दिला नाही.

तरी एलिझाबेथ आपल्याला माहीत आहे. ती गोरी होती, शिकलेली होती, तिने थोडी का होईना डायरी ठेवली होती. त्याच डायरीत १८६४ च्या मे महिन्यात ती लिहिते की सकाळी डोळे उघडले की मी नोकराणीला विचारते, ‘काय बातमी, मेरी?’, आणि ती कधी रिकाम्या हाती येत नाही. आमच्या खात्रीच्या बातम्या बहुतेक काळ्या लोकांकडूनच येतात, असंही ती पुढे म्हणते.

ही मेरी कोण? बहुधा तीच, जिला आज अमेरिका मेरी बाउझर म्हणून ओळखते. तिचे कागद मी जसजसे वाचत गेले तसतसं मला माझं टेबल आठवत गेलं. १८४६ मध्ये गोऱ्यांच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये एका काळ्या मुलीचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे, नाव मेरी जेन. व्हॅन ल्यू कुटुंबाने तिला उत्तरेत शिकायला पाठवलं, आणि १८५५ मध्ये आफ्रिकेत लायबेरियाला. तिथे ती रमली नाही. १८६० मध्ये परत आली तर रिचमंडच्या रस्त्यावर पास नसताना फिरते म्हणून पकडली गेली. तिथे तिने मेरी जोन्स आणि मेरी हेन्ली अशी नावं सांगितली. १६ एप्रिल १८६१ रोजी त्याच चर्चमध्ये तिचं विल्सन बाउझरशी लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला. युद्धानंतर सप्टेंबर १८६५ मध्ये ती न्यूयॉर्कला एका काळ्यांच्या चर्चमध्ये व्याख्यान देते, नाव रिचमोनिया रिचर्ड्स. ब्रुकलिनच्या व्याख्यानात रिचमोनिया सेंट पिअर. १८६७ मध्ये जॉर्जियातल्या सेंट मेरीज गावात शाळा चालवते, आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या पत्रांत तिचं आडनाव गार्विन झालेलं आहे.

इतकी नावं. आमच्याकडे एका नावात मात्रा कमी असली तरी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागायचं. हिच्यासाठी ते प्रतिज्ञापत्र इतिहासकारांनी दीडशे वर्षांनी, एकेक नोंद जुळवत तयार केलं. त्याआधी तिच्याबद्दल दंतकथाच जास्त चालायच्या: बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या घरात ती अडाण्याचं सोंग घेऊन नोकरीला होती, आणि एकदा पाहिलेला कागद तिला शब्दन् शब्द पाठ व्हायचा. स्वतःच्या न्यूयॉर्कच्या व्याख्यानात तिने सांगितलं ते याहून साधं आहे: धुण्याच्या निमित्ताने आपण त्या घरात गेलो, आणि आतल्या खोलीतले कागद पाहिले. मला हे साधं सांगणं जास्त खरं वाटतं, आणि जास्त धाडसाचंही. कित्येक वर्षं तिचा म्हणून एक फोटो सगळीकडे छापला जायचा. तोही दुसऱ्याच एका मेरी बाउझरचा निघाला. तो काढला गेला होता १९०० च्या सुमारास.

जॉर्जियातून तिने सरकारी शिक्षण अधिकाऱ्याला लिहिलेली पत्रं उरली आहेत. दिवसा सत्तर मुलं, रात्री डझनभर मोठी माणसं, रविवारी शंभर. या सगळ्यांना ती एकटी शिकवत होती. त्यातल्या एका पत्रात ती म्हणते की हेरखात्यात इतके दिवस काढले आहेत की अजूनही या गोऱ्या लोकांना मी बारकाईने निरखत असते. त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते चांगलं नाही. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेत काळ्या शाळा जाळल्या गेल्या, शिक्षकांना मारहाण झाली. तिने ते आधीच ओळखलं होतं. १८६७ नंतर तिचा माग लागत नाही.

विसाव्या शतकातल्या बायकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडे कागद ढीगभर होते, फक्त ते कुलपात होते. एलिझाबेथ फ्रीडमनने दुसऱ्या महायुद्धात तटरक्षक दलाच्या कचेरीत बसून दक्षिण अमेरिकेतल्या जर्मन हेरांचे सांकेतिक संदेश फोडले. नाव एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेचं झालं, कारण तिचा प्रमुख एडगर हूव्हर जाहीर बोलू शकत होता आणि ही शपथेने बांधलेली होती. नवरा विल्यमही मोठा संकेततज्ज्ञ. तो वारल्यावर तिने वर्षानुवर्षं बसून त्याचे कागद ग्रंथालयासाठी नीट लावून दिले. १९८० मध्ये ती गेली तेव्हा तिचं स्वतःचं युद्धकाळातलं काम गोपनीयच होतं. तिच्यासारख्या हजारो तरुण मुली, बऱ्याचशा शाळामास्तरणी, युद्धात वॉशिंग्टनजवळ हेच काम करत होत्या आणि मग गुपचूप घरी गेल्या.

आता हॅरिएट टबमन. तिला दुर्लक्षित म्हणता येईल का, असं कुणी विचारेल. अमेरिकेतल्या पोराटोरांना तिचं नाव ठाऊक आहे. मेरीलँडमधून १८४९ मध्ये पळालेली गुलाम बाई, जी पुन्हा पुन्हा परत जाऊन सत्तरएक माणसांना सोडवून घेऊन आली. पण हे सगळं युद्धाआधीचं. युद्धातली हॅरिएट अजूनही पुष्कळांना माहीत नाही, आणि सरकारला ती तीस वर्षं माहीत करून घ्यायची नव्हती.

१८६२ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या गव्हर्नरच्या मदतीने ती दक्षिण कॅरोलायनात, ब्युफोर्टला गेली. हा किनारा उत्तरेच्या ताब्यात आला होता आणि मळे सोडून आलेले हजारो गुलाम तिथे गोळा झाले होते. ती इस्पितळात शुश्रूषा करायची, झाडपाल्याचे काढे द्यायची. सुरुवातीला तिला शिधा मिळत होता. इतरांना मिळत नाही आणि हिला मिळतो, अशी कुजबुज झाली तेव्हा तिने तो सोडला. मग दिवसभर इस्पितळ आणि रात्री स्वतःच्या पोटासाठी ‘पाय’ नावाचा भट्टीत भाजलेला पदार्थ, आल्याचा केक आणि मुळ्यांचं पेय बनवून विकणं. तीन वर्षांत सरकारने तिला सगळे मिळून २०० डॉलर दिले. त्यातून तिने धुण्याची एक जागा उभी केली, की मुक्त झालेल्या बायकांना सैनिकांचे कपडे धुऊन चार पैसे कमावता यावेत.

आणि याच काळात ती आठ-नऊ माणसांची एक टेहळणी तुकडी चालवत होती. नदीतले वाटाडे, त्या दलदली जन्मापासून ओळखणारे. काँबाही नदीच्या दोन्ही तीरांवर भाताचे मोठमोठे मळे होते. नदीत सुरुंग कुठे पेरलेत, पहारे कुठे आहेत, कुठल्या मळ्यावर किती माणसं आहेत, हे तिथल्या गुलामांकडूनच काढलं गेलं. १ जून १८६३ च्या रात्री कर्नल माँटगोमेरीच्या हाताखाली सुमारे ३०० काळे सैनिक बोटींतून निघाले. हॅरिएट बरोबर होती. पहाटे भातखाचरांत कामाला उतरलेली माणसं शिट्टी ऐकून नदीकडे धावत सुटली. ती पुढे सांगायची की एका बाईच्या डोक्यावर भाताचं भांडं होतं, चुलीवरून तसंच उचललेलं, वाफ निघत असलेलं. पाठीवरच्या पोराने तिच्या गळ्याला घट्ट विळखा घातलेला. मुकादम चाबूक घेऊन अडवत होते, पण तो दिवस त्यांचा नव्हता. त्या सकाळी सातशेहून जास्त माणसं मुक्त झाली. उत्तरेचा एकही सैनिक पडला नाही.

एका वर्तमानपत्राने बातमी दिली की ही मोहीम एका काळ्या बाईच्या मार्गदर्शनाखाली झाली. नाव दिलं नाही. त्याच महिन्याच्या शेवटी हॅरिएटने बोस्टनच्या एका मित्राला पत्र सांगून लिहवलं. त्यात विजयाचा गाजावाजा नाही, मागणी आहे ती कपड्यांची. एका आजारी बाईचं पोर तिच्या कडेवर, म्हणून तिची दोन डुकरं मी उचलली. धावण्याचा हुकूम सुटला, माझा झगा लांब, पायात आला, मी पडले आणि झग्याच्या चिंध्या झाल्या. तेव्हा मला जाड्याभरड्या कापडाचा, मोहिमेवर घालता येईल असा विजारीसारखा पोशाख पाठवा. कुठल्याही सेनापतीच्या आठवणींपेक्षा मला हे पत्र मोलाचं वाटतं. युद्ध करणाऱ्या बाईला युद्धाचे कपडेही कुणी दिले नव्हते.

युद्ध संपलं आणि फाइल सुरू झाली. जनरल सॅक्स्टनने लेखी दिलं की तिने शत्रूच्या मुलखात अनेकदा शिरून विलक्षण धैर्य दाखवलं. परराष्ट्रमंत्री सेवर्ड न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नचाच, म्हणजे ती राहायची त्याच गावचा, तिचा जुना हितचिंतक. त्यानेही शब्द टाकला. १८७४ मध्ये तिला २००० डॉलर देण्याचं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. नेमणुकीचा आदेश कुठे आहे? हजेरीपटावर नाव कुठे आहे? मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते, नियमाला धरून हे प्रश्न अगदी बिनचूक आहेत. त्या प्रश्नांनी तिचं काय केलं तेही तितकंच खरं आहे.

तिचा दुसरा नवरा, नेल्सन डेव्हिस, सैनिक होता, काळ्यांच्या आठव्या पायदळात. १८८८ मध्ये तो वारला. विधवा म्हणून अर्ज केला तर पुन्हा कागद: तो सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने भरती झालेला, तेव्हा चार्ल्स आणि डेव्हिस एकच हे सिद्ध करा, पहिला नवरा मेला होता हे सिद्ध करा, लग्न झालं होतं हे सिद्ध करा. १८९५ मध्ये महिना ८ डॉलर मंजूर झाले. १८९८ मध्ये तिने स्वतःच्या सेवेबद्दल प्रतिज्ञापत्र केलं. तीन वर्षं इस्पितळात परिचारिका आणि स्वयंपाकीण, आणि आठ-नऊ टेहळ्यांची प्रमुख; येणं १८०० डॉलर. खाली सहीच्या जागी फुली. सभागृहात २५ डॉलरांचा प्रस्ताव आला. सिनेटच्या समितीने हिशेब केला की परिचारिकांना कायद्याने जास्तीत जास्त १२ मिळतात, विधवा म्हणून ८ चालू आहेत, म्हणजे २०. फेब्रुवारी १८९९ मध्ये ते मंजूर झालं. मंजुरीच्या कायद्यात ती नेल्सन डेव्हिसची विधवा आहे. काँबाही त्यात नाही.

१९१३ मध्ये ती वारली. २००३ मध्ये काँग्रेसने महिना पाच डॉलरांचा तो फरक आजच्या मोलाने काढून ११,७५० डॉलर ऑबर्नच्या तिच्या वास्तूला दिले. त्यामागे शाळकरी मुलांचा पाठपुरावा होता. २०२४ मध्ये मेरीलँडच्या नॅशनल गार्डने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचं पद दिलं. मला या दोन्हींत पैशाचं जास्त कौतुक वाटलं. पद देणं सोपं असतं. थकबाकी काढायला कुणीतरी फाइल उघडावी लागते.

या फायलींबद्दल अलीकडे एक गोष्ट समजली, ती मला फार महत्त्वाची वाटते. काँबाहीच्या त्या सकाळी बोटीत चढलेल्यांपैकी दीडशेच्या आसपास पुरुष पुढच्याच दिवसांत सैन्यात भरती झाले. म्हातारपणी त्यांनी, आणि त्यांच्यामागे त्यांच्या विधवांनी, पेन्शनसाठी अर्ज केले. कागद कुणाकडेच नव्हते. मळेवाल्याच्या वहीत फार तर पहिलं नाव आणि किंमत. म्हणून पेन्शन खात्याचे तपासनीस गावोगाव गेले आणि शेजाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. आम्ही एकाच मळ्यावर वाढलो. याची आई अमुक. मी तिच्या लग्नाला होते. आम्ही त्या दिवशी एकाच बोटीत चढलो. एका संशोधक बाईने, जिचा स्वतःचा पूर्वज त्या मोहिमेत सैनिक होता, वर्षानुवर्षं या जबान्या मळ्यांच्या कागदांशी ताडून पाहिल्या, आणि वर्तमानपत्रांनी ‘सुमारे आठशे गुलाम’ म्हणून मोजलेल्या त्या गर्दीतल्या कित्येकांची नाव, आडनाव आणि घराणं ओळखून काढली.